माळ्यावरची फियाट: जुन्या गाडीचं सामान ठेवावं, विकावं की भंगारात द्यावं?

पुनर्विकासासाठी घर रिकामं करायची वेळ आली की माळ्यावरून दोन गोष्टी हमखास खाली येतात. एक म्हणजे तांब्यापितळेची भांडी आणि दुसरी वडिलांच्या किंवा काकांच्या गाडीचं सामान. भांड्यांचं काय करायचं हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. गाडीच्या सामानाचं मात्र कुणालाच कळत नाही. गाडी बऱ्याचदा केव्हाच विकलेली असते. उरलेला असतो एक कार्ब्युरेटर, दोन हेडलाइट, वर्तमानपत्रात गुंडाळलेले पिस्टन, एक दरवाजा आणि रंगाच्या डब्यात भरलेले नट-बोल्ट. भंगारवाला म्हणतो, सगळं मिळून किलोवर घेतो. पुतण्या मोबाइलवर दाखवतो की असल्याच एका दिव्याला कुणीतरी हजारो रुपये मागतोय. वाचकांच्या पत्रांमधला प्रश्न फिरून फिरून इथेच येतो: यातलं खरं कुणाचं धरायचं?

दोघांचंही थोडं थोडं खरं असतं. सामानाच्या ढिगातला वजनाने बराचसा भाग किलोवरच जाणार असतो आणि मोलाचं जे असतं ते सहसा एका पिशवीत मावतं. ती पिशवी वेगळी काढेपर्यंत भंगारवाल्याला दारात उभं करू नका. इथे मुख्यतः फियाट आणि अँबेसिडर धरून लिहिलं आहे, कारण महाराष्ट्रातल्या माळ्यांवर याच दोन गाड्या जास्त आहेत. हेराल्ड, जीप किंवा एखादी विलायती गाडी असेल तरी रीत हीच.

आधी गाडी ओळखा

‘फियाटचा पार्ट आहे’ एवढ्याने काम भागत नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० निघाली. गोलमटोल अंगामुळे मुंबईने तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. नंतर सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशा आवृत्त्या आल्या आणि १९६४ पासून चौकोनी अंगाची ११०० डी. तीच पुढे १९७२ मध्ये ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ झाली. ११०० डी ते पद्मिनी या गाड्यांचा सांगाडा मुळात एकच असल्यामुळे बरेचसे भाग इकडचे तिकडे चालतात. पण समोरची जाळी, दिवे, डॅशबोर्ड, मीटर यांत वेळोवेळी बदल झाले. डुक्कर फियाटचा दरवाजा पद्मिनीला कधीच लागणार नाही, तिचे पुढचे दरवाजे तर उलट बाजूने उघडायचे. आणि ‘११८ एनई’ ही नावापुरतीच बहीण. तिचं अंग फियाट १२४ चं आणि इंजिन निस्सानचं. तिचं सामान वेगळ्या खोक्यात टाका.

अँबेसिडरचंही तसंच. १९५० च्या दशकातली लँडमास्टर, मग अँबेसिडर, पुढे मार्क टू, थ्री, फोर, नोव्हा आणि १९९० च्या दशकात १८०० सीसीचं इसुझू इंजिन. १४८९ सीसीच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचा भाग इसुझूला बसत नाही, आणि इसुझूचा त्याला.

ओळख पटवण्यासाठी हे करा:

- रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने भाग पुसा. घासकागद किंवा तारेचा ब्रश लावू नका. ओतीव भागांवर उठावात आकडे असतात, ते दिसले पाहिजेत.
- सापडलेला प्रत्येक आकडा, कंपनीचं नाव आणि खूण लिहून घ्या. लुकास-टीव्हीएस, मायको, सोलेक्स ही नावं दिसली तर तो भाग बाहेरच्या कंपनीने गाडीच्या कारखान्याला पुरवलेला असतो. एकाच जातीचा डायनामो किंवा डिस्ट्रिब्युटर दोन वेगळ्या गाड्यांना असू शकतो, म्हणून नुसत्या दिसण्यावर जाऊ नका.
- खोकं असेल तर ते जपा. न वापरलेल्या, खोक्यातल्या मालाला बाजारात ‘डबापॅक’ म्हणतात. त्याच भागाचं खोकं फेकून दिलंत तर अर्धी ओळख गेली.
- आणि ज्याने ही गाडी वर्षानुवर्षं हाताळली तो जुना मिस्त्री हयात असेल तर त्याला चहाला बोलवा. तासाभरात तो जेवढं सांगेल तेवढं कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. फक्त त्याने ‘हे मी घेऊन जातो’ म्हटलं तर त्या दिवशी हो म्हणू नका.

लेथवर होतं ते, आणि डायशिवाय होत नाही ते

निर्णयाची खरी किल्ली इथे आहे. लोक जड भागांना मौल्यवान समजतात. इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल जपून ठेवतात आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतला तुटका बिल्ला, दिव्याची लाल काच, दाराची कडी फेकून देतात. व्हायला हवं नेमकं उलटं.

कारण साधं आहे. आपल्याकडे इंजिन चालू ठेवायची कला कधी मेली नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, पुण्यात, मुंबईत आजही असे कारागीर आहेत जे झिजलेला क्रँक ग्राइंड करतात, ब्लॉकला स्लीव्ह टाकतात, बुश पाडतात, मोडलेल्या पातीची नवी पाती करून देतात. मुंबईत पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली. म्हणजे अगदी कालपरवापर्यंत तिचं रोजचं सामान बाजारात खपत होतं. क्लचप्लेट, वॉटरपंप, ब्रेकचं किट यांचा ‘लोकल’ माल त्यामुळे भरपूर निघाला. अँबेसिडर तर मे २०१४ पर्यंत बनत होती.

पण टॅक्सीवाल्याला क्रोमची पट्टी नको होती, त्याला गाडी चालायला हवी होती. त्यामुळे शोभेचं, काचेचं आणि पत्र्याचं सामान कुणी नव्याने बनवलं नाही. ते बनवायला डाय लागतो, आणि दहा-वीस गाड्यांसाठी डाय कोण पाडणार? आज जो माणूस १९६० च्या दशकातली फियाट नव्याने उभी करतो आहे तो पिस्टनसाठी अडत नाही. तो अडतो हेडलाइटच्या रिंगसाठी.

तेव्हा ढीग असा लावा.

पहिला ढीग, सहज हातचा सोडू नये असा:

- बिल्ले, अक्षरं, बॉनेटवरची चिन्हं, व्हीलकॅप
- मागच्या दिव्यांच्या आणि इंडिकेटरच्या मूळ काचा, हेडलाइटच्या रिंगा
- समोरची जाळी, न चेपलेला बंपर, काचांभोवतीच्या चकचकीत पट्ट्या
- स्पीडोमीटर आणि बाकीची मीटरं, घड्याळ, मूळ रेडिओ, हॉर्नचं बटण, स्टेअरिंगचं चाक
- दारांच्या कड्या, काच फिरवायची हँडलं, किल्लीसकट कुलपं
- पुढची काच, ओरखडे नसतील आणि कडांना पांढरट डाग धरले नसतील तर
- जॅक, पान्यांची मूळ पिशवी, मालकासाठीची पुस्तिका, भागांचा कॅटलॉग, शोरूमची पावती

यातल्या बिल्ल्यांकडे आणि कड्यांकडे जवळून पाहा. त्यातले बरेच जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. वरच्या मुलाम्यावर बारीक फोड आले असतील तर आतला धातू खाल्ला गेला आहे. पितळेच्या भागावर पुन्हा मुलामा सहज चढतो. जस्ताच्या भागाचे फोड घासायला गेलं तर अक्षराची धारच जाते, आणि ते भरून मुलामा चढवणारे कारागीर मोजकेच. म्हणून फोड आलेला बिल्ला चमकवायच्या फंदात पडू नका. आहे तसा ठेवा, आहे तसा विका. घेणाऱ्याला तो नमुना म्हणूनही उपयोगी पडतो.

दुसरा ढीग, माप बघून ठरवायचा. यात पिस्टन, रिंगा, बेअरिंगं येतात. पिस्टन हातात घ्या आणि डोक्यावर बोट फिरवा. काही कोरलेलं नसेल किंवा एसटीडी ही अक्षरं असतील तर तो मूळ मापाचा. फियाटच्या ११०० इंजिनाचं मूळ बोअर ६८ मिलिमीटर. त्यावर ०.४ किंवा ०.६ सारखा आकडा असेल तर तेवढे मिलिमीटर ओव्हरसाइज. अँबेसिडरच्या जुन्या इंजिनाच्या पिस्टनवर ०२० किंवा ०४० दिसेल, ते इंचाच्या हजाराव्या भागातलं माप. चार पिस्टनांचा, एकाच मापाचा, पिनांसकट पूर्ण संच असेल तर त्याला गिऱ्हाईक आहे. स्लीव्ह टाकून इंजिन मूळ मापाला आणणारा एसटीडी शोधतो आणि दोनदा बोरिंग झालेलं इंजिन असणारा मोठं माप शोधतो. तीन वेगवेगळ्या मापांचे तीन सुटे पिस्टन मात्र ॲल्युमिनियमच्या भावाने गेले तरी हळहळू नका. रक्षादानी म्हणून एखादा टेबलावर ठेवा फार तर.

जोडीने चालणारे भाग जोडीनेच राहिले पाहिजेत. डिफरन्शियलचे क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांशी जुळवून बसवलेले असतात. कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी, ब्लॉक आणि त्याच्या मेन बेअरिंगच्या टोप्या यांचंही तेच. ब्लॉक एकाला आणि टोप्या दुसऱ्याला दिल्यात तर दोघांच्याही हाती भंगार आलं. बायंडिंग वायरने बांधा आणि चिठ्ठी लावा.

गिअरबॉक्सचे दाते, क्राउन-पिनियन आणि फियाटचं ॲल्युमिनियमचं हेड हे लेथच्या नियमाला अपवाद. हे लेथवर होत नाहीत. हेड विकण्याआधी पाण्याच्या वाटा पाहा. कित्येक वर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी घातलेलं हेड आतून खाल्लेलं असतं, आणि दोन व्हॉल्व्हच्या मधल्या अरुंद जागेत केसासारखी चीर असू शकते. मशीन शॉपमध्ये प्रेशर टेस्ट करून मिळते. तेवढा खर्च करूनच भाव सांगा, नाहीतर ‘तपासलेलं नाही’ हे स्पष्ट लिहून द्या.

तिसरा ढीग सगळ्यात मोठा: झिजलेले ड्रम, वाकलेले सायलेन्सर, गंजून चाळणी झालेले पत्रे, तुटके स्प्रिंगचे पाटे, नट-बोल्टचा डबा. डब्यातले क्रोमचे आणि पितळेचे स्क्रू वेगळे काढा. उरलेल्यांशी भावनिक होऊ नका.

ठेवायचं कुणी?

गाडी घरात असेल आणि ती चालवायची किंवा उभी करायची खरोखरच इच्छा असेल तर ठेवा. गाडी नसेल तर सुटा भाग ठेवण्याला एकच सबळ कारण उरतं, ते म्हणजे आठवण. त्यासाठी एक वस्तू पुरते. स्टेअरिंगचं चाक भिंतीवर लावा आणि बाकीचं मोकळं करा. ‘पुढेमागे भाव येईल’ म्हणून ठेवणाऱ्यांना मी स्पष्टच सांगेन: मुंबईच्या फ्लॅटमधली दोन फूट जागा त्या गिअरबॉक्सपेक्षा महाग आहे, आणि चार पावसाळ्यांनंतर त्याचा भाव वाढलेला नसेल, गंज वाढलेला असेल.

गाडी असणाऱ्यांनी मात्र एका गोष्टीचा विचार करावा. १५ जुलै २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. रोज भाजी आणायला फियाट काढणाऱ्याला ही नोंदणी उपयोगाची नाही, त्याने नेहमीचं नूतनीकरणच करावं.

पण १९७४ च्या पहिल्यावहिल्या पद्मिनींनी पन्नाशी ओलांडली आहे, आणि दरवर्षी आणखी गाड्या त्या रांगेत येणार. तुमची गाडी त्यातली असेल तर वीस वर्षांपूर्वी काढून ठेवलेला मूळ डायनामो, मूळ कार्ब्युरेटर, मूळ सीटची चौकट यांना आता अर्थ आहे. विशेषतः आरसी बुकावर ज्या इंजिनाचा नंबर आहे तो ब्लॉक कितीही फुटका असला तरी टाकू नका.

यात जीव अडकवू नका

काही भाग नवेकोरे दिसले तरी ते गाडीला लावायचे नाहीत आणि ‘चालू आहे’ म्हणून विकायचेही नाहीत:

- ब्रेकची रबरी वॉशरं, होसपाइप, किट. खोक्यात बंद असली तरी रबर वयाने कडक होतं आणि तडकतं. उतारावर ते फाटलं तर पेडल जमिनीला टेकतं.
- जुने टायर. बाजूवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २५१२ म्हणजे २०१२ चा पंचविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा. नक्षी शाबूत असली तरी त्यावर माणसं बसवू नका.
- वाकून सरळ केलेले टाय रॉड, स्टेअरिंगचे सांधे, वेल्डिंग केलेले स्टब एक्सल.
- गंजलेली पेट्रोलची टाकी. टाकी रिकामी वाटली तरी आत वाफ असते. तिला वेल्डिंग लावायला किंवा कापायला स्वतः जाऊ नका, गल्लीतल्या वेल्डरलाही देऊ नका.
- कापडी वेष्टणाची जुनी वायरिंग.

मास्टर सिलिंडर किंवा व्हील सिलिंडरचं ओतीव कवच मात्र वेगळी गोष्ट आहे. आतला भाग गुळगुळीत असेल तर नवं किट घालून ते उपयोगी पडतं. विकताना ‘नवं किट घालावं लागेल’ हे लिहून द्या.

जुने ब्रेकशू, क्लचप्लेट आणि काही गॅस्केटं यांत ॲस्बेस्टॉस असतं. आपल्या गॅरेजांमध्ये ड्रम उघडला की कॉम्प्रेसरची हवा मारायची सवय आहे आणि ती धूळ सरळ छातीत जाते. माळ्यावरचे ब्रेकशू ओल्या फडक्याने पुसा, झाडूने झटकू नका, मुलांना जवळ येऊ देऊ नका, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून वर लिहा.

विकायचं ठरलं तर

गिऱ्हाईक कुठे असतं? जुन्या गाड्या चालवणाऱ्यांच्या क्लबांमध्ये आधी विचारा. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आहे. अनेक शहरांत फियाट आणि अँबेसिडर बाळगणाऱ्यांचे गट आहेत. इथे भाव सगळ्यात चढा मिळेलच असं नाही, पण भाग योग्य गाडीला लागतो आणि घासाघीस सभ्यपणे होते. दुसरी जागा म्हणजे बाजार: मुंबईत कुर्ला आणि चोर बाजार, पुण्यात नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. इथला व्यापारी आपला नफा आणि माल पडून राहण्याचा काळ धरून भाव देतो, त्यामुळे तो कमीच असणार. त्यात त्याची लबाडी काही नाही. तिसरी जागा मोबाइलवरची. तिथे गिऱ्हाइकं भरपूर आणि डोकेदुखीही तेवढीच.

बाहेरदेशी मागणी असते का, असंही विचारलं जातं. काही भागांना असते. अँबेसिडरचा वंश मॉरिस ऑक्सफर्डचा आणि तिचं १४८९ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतलं. तीच मालिका एमजीच्या स्पोर्ट्स गाड्यांमध्येही होती. जुन्या विलीज-महिंद्र जीपच्या सामानालाही परदेशात चाहते आहेत. पण वजन, कस्टम आणि कुरिअर यांचा हिशेब केल्यावर लहान, हलका, डबापॅक भागच परवडतो. शिवाय तेल किंवा पेट्रोल लागलेला भाग विमानाने पाठवायला कुरिअरवाले नकार देतात. पंप, कार्ब्युरेटर पूर्ण कोरडे करूनच पाठवा.

भाव ठरवताना लोकांनी मागितलेल्या किमती पाहू नका. मागायला पैसे पडत नाहीत. दोन वर्षं तीच जाहिरात तशीच असेल तर तो भाव नाही. क्लबातल्या दोघा-तिघांना ‘असा भाग तुम्ही शेवटचा कितीला घेतलात’ असं विचारा आणि त्यावरून ठरवा. वापरलेला, चालू आणि डबापॅक या तीन पायऱ्यांत मोठं अंतर असतं, ते धरा.

फोटो काढताना भागाशेजारी मोजपट्टी ठेवा. आकड्यांचा जवळून एक फोटो आणि दोष असेल त्या जागेचाही एक घ्या. दोष दाखवून विकलेला माल परत येत नाही.

एकगठ्ठा विकावं की सुटं? घाई असेल तर एकगठ्ठा. पण सावध राहा. ‘सगळं घेतो’ म्हणणाऱ्याचा डोळा बहुतेक वेळा तीन-चार वस्तूंवर असतो. त्या कोणत्या हे ओळखून त्यांचा भाव वेगळा सांगा आणि बाकीचं वर घाला. मधला मार्ग म्हणजे पहिल्या ढिगाचं सुटं विकायचं आणि दुसरा ढीग एखाद्या गॅरेजवाल्याला एकत्र द्यायचा.

फसवणुकीचे दोन नमुने सारखे कानावर येतात. पहिला म्हणजे न बघता, घासाघीस न करता लगेच हो म्हणणारा ‘लष्करातला’ गिऱ्हाईक. तो क्यूआर कोड पाठवतो आणि पैसे मिळवण्यासाठी स्कॅन करून पिन टाका म्हणतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमचेच जातात. असं झालंच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, वेळ जाईल तशी रक्कम रोखणं अवघड होतं. दुसरा नमुना ‘नेऊन लावून बघतो, बसला तर पैसे देतो’ म्हणणाऱ्याचा. ओळखीचा माणूस असेल तर ठीक. अनोळखी असेल तर पूर्ण रक्कम अनामत घ्या आणि किती दिवसांत परत आणायचं ते लिहून ठेवा.

तुम्ही उलट बाजूला, म्हणजे दुकानातून भाग घेत असाल तर पक्कं बिल मागा. ‘ओरिजिनल’ म्हणून दिलेला भाग लोकल निघाला तर बिल हाच तुमचा आधार. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

नंबर असलेला भाग म्हणजे कागदाचा भाग

बिल्ला आणि इंजिनचा ब्लॉक यांत कायद्याच्या नजरेत मोठा फरक आहे. ब्लॉकवर इंजिन नंबर असतो, बॉडीच्या किंवा चासीच्या पत्र्यावर चासी नंबर. असा भाग कागदाशिवाय विकलात आणि तो उद्या एखाद्या चोरीच्या गाडीत सापडला तर पोलिस नंबरावरून माग काढत तुमच्याकडे येतील. घेणाऱ्यालाही धोका आहेच. चोरीचा माल आहे हे जाणून घेणं किंवा ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणून:

- ब्लॉक विकताना घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, तारीख, नंबर आणि किंमत असलेली दोन ओळींची पावती दोघांनी सही करून ठेवा. आरसीची प्रत द्यावी, मूळ आरसी कधीही नाही.
- गाडीत दुसरं इंजिन बसवलं असेल तर आरटीओत नोंद हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा हा विषय. नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडतो.
- चासी नंबरचा पत्रा किंवा पट्टी आणि जुन्या नंबरप्लेटा कुणालाही विकू नका, कितीही ‘शोभेसाठी हवी’ म्हणाला तरी.

बरेच जण गाडीच सुटी करून भाग विकायचा विचार करतात. करता येतं, पण आरसी तशीच ठेवून नाही. गाडी कायमची निकामी झाली की चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते, ते कलम ५५. केलं नाही तर कागदोपत्री गाडी तुमच्या नावावर धावतच राहते. दुसरा रस्ता म्हणजे नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्र. तिथे गाडी दिल्यावर ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि नोंदणी रद्द होण्याचा मार्ग सरळ होतो.

मूळ मालक वारले असतील आणि गाडी अजून त्यांच्याच नावावर असेल, तर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलायचं, असा नियम आहे. मुदत उलटून वर्षं झाली असली तरी आधी हे काम करा. भागांची विक्री त्यानंतर. आणि भावंडांना विचारल्याशिवाय काही विकू नका. अमेरिकेतल्या भावाला गाडीत तीस वर्षं रस नसतो, पण ती विकल्यावर नेमका येतो.

भंगारातही द्यायची रीत आहे

सगळं एकत्र तोललं तर सगळ्याला लोखंडाचा भाव लागतो. धातू वेगळे करा. चुंबक लावून पाहा: चिकटलं तर लोखंड, पत्रा किंवा बीड. ब्लॉक, ड्रम, अँबेसिडरचं हेड हे बीड. न चिकटणारं आणि हलकं ते ॲल्युमिनियम, उदाहरणार्थ फियाटचं हेड आणि पिस्टन. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असतात, त्यांना स्वतंत्र भाव मिळतो. डायनामो आणि सेल्फच्या पोटात तांब्याची तार असते. पण डायनामो फोडण्याआधी तो दुरुस्त होण्याजोगा आहे का ते एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा, वाइंडिंग पुन्हा करून मिळतं.

बॅटरी भंगारात किंवा कचऱ्यात टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती दुकानात, संकलन केंद्रात किंवा अधिकृत पुनर्वापर केंद्रात जायला हवी. नवी घेताना जुनीचे पैसे वजा होतात, त्यामुळे यात तुमचं नुकसान काहीच नाही. जळकं तेल गटारात ओतू नका. डब्यात भरून एखाद्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला विचारा, त्यांच्याकडून वापरलेलं तेल अधिकृतपणे उचललं जातं.

जे ठेवाल ते असं ठेवा

कोकणपट्टीच्या दमट हवेत उघडा धातू एका पावसाळ्यात लाल होतो. यंत्राच्या भागांना ग्रीस किंवा जाड तेलाचा हात द्या, तेलकट कागदात गुंडाळा आणि मग खोक्यात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधू नका, आत घाम धरतो. क्रोमच्या वस्तूंना मेणाचं पॉलिश लावून सुती कापडात ठेवा. रबराच्या जवळ तेल, पेट्रोल, ग्रीस काही नको. काचा आडव्या रचू नका, उभ्या टेकवा आणि मध्ये जुनी चादर घाला. क्रँक आडवा पडून राहिला तर वाकू शकतो, त्याला कोपऱ्यात उभा बांधा.

प्रत्येक खोक्यावर तीन ओळी लिहा: गाडी आणि वर्ष, भाग आणि माप, चालू की दुरुस्तीचा. मार्करने लिहिलेलं तेलाने पुसलं जातं, म्हणून पत्र्याच्या पट्टीवर खिळ्याने कोरा किंवा चिठ्ठी पिशवीत घालून बांधा. यादीचा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि घरातल्या आणखी एकाला पाठवून ठेवा.